मुरारीशेजारची जागा

मी, सेवकराम गोमाजी शेंडे, वय अंदाजे एकोणसत्तर, धंदा लोहारकाम, राहणार मौजा दिघोरी, जिल्हा भंडारा, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे आणि दम ठिकाणावर नाहीत, पण या कामाला ते लागत नाहीत. कोणी धमकावले नाही, कोणी फूस लावली नाही. थकलो आहे, म्हणून आता लिहितो.

कलम १. दोन खोल्यांचे कवेलूचे घर पत्नी धुरपता हिचे. पुतण्या टेकचंदने ‘काकी एकटी काय करणार’ म्हणत तिथे बिऱ्हाड हलवू नये. एकटी काय करायचे ते तिला माझ्यापेक्षा बरे समजते.

कलम २. भाता, ऐरण, घण आणि सांडशा टेकचंदला. तो भट्टी पेटवणार नाही हे मला ठाऊक आहे. विकल्या तरी माझे काही म्हणणे नाही.

कलम ३. माझ्या तीन वह्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, भैय्यालाल यांना. मी एकोणपन्नास साली ख्रिस्ती झालो, तेव्हा भंडाऱ्याच्या बायबल वर्गात म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांनी शिकवले ते त्यांत आहे. प्रभू देव की माणूस, यावरून पहिल्या साडेचारशे वर्षांत मोठमोठ्या शहाण्यांनी एकमेकांना वाळीत टाकले. एक म्हणे, देवच होता, अंगावर माणसाचे सोंग होते. दुसरा म्हणे, भला माणूस होता, देवाने निवडला. शेवटी ठरले की पुरता देव आणि पुरता माणूस, एकाच ठिकाणी. मिसळून गेले नाहीत, वेगळेही पडले नाहीत. पाद्रीसाहेब मला म्हणाले, ‘सेवकराम, तू लोहार आहेस, तुला कळेल. भट्टीतले लोखंड लोखंडच राहते, पण जाळते विस्तवासारखे.’ मला खरेच कळले. दुसरे फारसे काही कळले नाही.

कलम ४. एकाहत्तर सालच्या ईस्टरला मी शहाणपणा केला. शेगडी प्रार्थना-मंदिरात नेली, नांगराचा फाळ लालबुंद केला आणि सांडशीत धरून सांगितले की देव माणूस झाला तो आपल्यालाही त्याच्या देवपणात वाटा मिळावा म्हणून. या फाळासारखे आपणही त्याच्यात राहून तापावे. बोलण्याच्या भरात फाळ मेजावर टेकला. भैय्यालाल यांच्या आईने विणलेले मेजावरचे कापड जळाले. कापडाचे मी भरून दिले असते, पण त्यांनी उपदेशच धरला. भर मंडळीत म्हणाले, “माणूस देव होते म्हनता? हे त बैराग्याचं बोलनं झालं, सेवकरामभाऊ. तुमी अजून अर्धे तिकडचेच आहा.” तेव्हापासून बारा वर्षे मला बोलू दिले नाही. मी मागच्या बाकावर बसलो. त्यांना माफ केले असे येथे लिहितो. आतून केले की नाही, मला नक्की सांगता येत नाही.

‘अर्धे तिकडचे’ म्हणजे धुरपता. तिने बाप्तिस्मा घेतला नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, “तुमच्या देवाले मानूस व्हायले लाज नाही वाटली, मंग मले काहून बदलाले लावता?”

कलम ५. मंडळीच्या कबरस्तानात माझी जागा ठरलेली आहे, आमच्या मुरारीच्या डाव्या हाताला. तो सहा वर्षांचा असताना तापाने गेला. नाव धुरपताने ठेवले होते, बाप्तिस्मा मी करवला होता. उजव्या हाताची जागा मी तिच्यासाठी मागितली. बाप्तिस्मा नाही म्हणून मंडळीने तीनदा नाही म्हटले. सबब मी माझी जागा सोडतो. मला चुलबंद नदीच्या काठी तिच्या माहेरच्या रीतीने जाळावे. पुढे तिलाही तिथेच.

हे कलम रद्द. सही: से. गो. शेंडे

कलम ६. पाचवे कलम धुरपताला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले. मग म्हणाली, “तुमी नदीवर आले, त पोराजवळ कोन राहीन?” मी म्हटले, मग तू एकटी पडशील. ती म्हणाली, “मी जाईन माह्या मायबापाच्या वाटेनं. तुमी लेकराजवळ जा. दोघांतलं एक त पायजे तिथं.”

चौतीस वर्षे मी वह्या भरल्या, आणि हे मला सुचले नव्हते. मला रडू आले, तेही लिहून ठेवतो.

म्हणून मला मुरारीच्या डावीकडे पुरावे. उजवीकडची जागा रिकामी ठेवावी. पुढे कोणी धुरपताची मूठभर राख आणून तिथे मातीत घातली, तर मंडळीने चौकशी करू नये. हा हुकूम नाही, विनंती आहे.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. हे साक्षीदारांसमक्ष वाचून सही केली.

मुक्काम दिघोरी, दिनांक १९ नोव्हेंबर १९८३.

सही: सेवकराम गोमाजी शेंडे

ऐकले, समजले: धुरपता सेवकराम शेंडे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार १: बुधराम मेश्राम, शिक्षक. सही.

साक्षीदार २: भैय्यालाल बोरकर, मंडळीचे वडील. सही.
सहीखाली त्यांच्याच अक्षरात: ‘सहावे कलम वाचले. मंडळीचे मी सांगू शकत नाही. राख येईल त्या दिवशी कबरस्तानाची किल्ली मी फाटकालाच ठेवीन.’