सहा जणांचे पुढचे दात

मी, खाली सही करणार, वय वर्षे शहात्तर, व्यवसाय तोंडाच्या आणि जबड्याच्या रोगांवर व जखमांवर शस्त्रक्रिया आणि संशोधन, हल्ली घरी बसणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत, असे वकीलबाई म्हणतात. माझ्यावर बाहेरच्या कोणाचा दबाव नाही. आतला आहे, आणि तो कुठल्या कलमात बसतो ते वकीलबाईंनाही सांगता आले नाही. यापूर्वी केलेली माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्या दोन्हींत मी घराची वाटणी नीट केली होती आणि मुख्य गोष्ट लिहायची टाळली होती.

एक. राहत्या घराचा वरचा मजला, त्यातील सामान आणि बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एका लेकीला द्यावी. भिंतींचा रंग तिने बदलू नये असे मला वाटते, पण ती बदलणार, हेही मला ठाऊक आहे. मात्र जिन्यासमोर काचेच्या चौकटीत लावलेले वर्तमानपत्राचे कात्रण, ज्यात माझा फोटो आणि ‘मिटलेली तोंडे उघडणाऱ्या डॉक्टर’ असा मथळा आहे, ते तिने पहिल्या दिवशीच उतरवावे. ते तिच्या वडिलांनी लावले होते. ते शाळेत गणित शिकवत आणि माझ्या संशोधनातल्या सगळ्या सरासऱ्या त्यांनी काढल्या होत्या. त्यांच्या गणितात एकही चूक नव्हती. चूक मी त्यांच्या हातात दिलेल्या आकड्यांत होती, आणि ते गेले तोवर मी त्यांना ते सांगितले नाही.

दोन. माझ्या नणंदेला या घरातले काहीही देऊ नये. तिला जे हवे होते ते ती वेळोवेळी घेऊन गेलेली आहे. शिवणयंत्र ‘दोन दिवसांसाठी’ नेले त्याला एकोणतीस वर्षे झाली. ते तिच्याकडेच राहू द्यावे, पण ते माझे होते एवढे वाक्य कोणीतरी तिच्यासमोर मोठ्याने वाचावे.

तीन. आमच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणत असू, यांनी माझ्या निबंधावर स्वतःचे नाव पहिले आणि माझे दुसरे घातले. एकाही रुग्णाच्या तोंडात त्यांनी डोकावून पाहिले नव्हते. मी पुढे त्यांच्याशी अबोला धरला, त्यांच्या निरोपसमारंभाला गेले नाही, आणि या गोष्टीचा मला बरीच वर्षे अभिमान होता. तो राग मी या कलमाने सोडून देत आहे. खरे कारण असे, की निबंधातली चूक कळल्यावर त्यांचे नाव पहिले आहे याचे मला फार बरे वाटले. अशा माणसाला दुसऱ्यावर रागवायचा हक्क राहत नाही.

चार. आता ती चूक.

बावीस वर्षांपूर्वी मी चाळीस रुग्णांवर एक अभ्यास केला. तोंडाच्या कॅन्सरवर किरणोपचार झाले की कित्येकांचा जबडा आखडतो. तोंड बोटभरही उघडत नाही, घास जात नाही, ब्रश जात नाही. वीस जणांना मी नुसता जबड्याचा व्यायाम शिकवला. उरलेल्या वीस जणांना व्यायामाबरोबर लाकडाचा, निमुळता, आटे पाडलेला एक तुकडा दिला. तो पुढच्या दातांमध्ये धरून फिरवत गेले की जबडा हळूहळू फाकतो. दिसायला भोवऱ्यासारखा, म्हणून रुग्ण त्याला भोवरा म्हणत. कल्पना माझी होती आणि मला तिचे फार कौतुक होते.

तोंड किती उघडते ते आम्ही सरकत्या मोजपट्टीने मोजत असू, वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या पुढच्या दाताच्या कडेपर्यंत. ज्यांना पुढचे दातच नाहीत त्यांचे काय? त्यासाठी मी एक नियम लिहिला: दात नसल्यास हिरडीपासून मोजावे. नियम सोपा होता. मात्र एखाद्याचा दात सुरुवातीला असेल आणि अभ्यास चालू असताना पडेल, हे माझ्या डोक्यात आले नाही.

आणि दात पडत होते. ते भोवऱ्यानेच हलत होते. सहा जणांचे पुढचे दात गेले. शेवटच्या मोजणीला त्यांचे माप नियमाप्रमाणे हिरडीपासून घेतले गेले आणि प्रत्येकाच्या नावावर दहा-अकरा मिलिमीटर जास्तीचे जमा झाले. आमच्या उपायाने केलेली इजा आम्ही उपायाचा गुण म्हणून छापली. निबंधात भोवऱ्याचा फायदा साडेसहा मिलिमीटर आहे. खरा फायदा जेमतेम सव्वातीन. नुसत्या व्यायामाचा तीन.

हे मला वेळेवर सांगणारे माणूस होते. मोजणी करणाऱ्या परिचारिका, आम्ही त्यांना मोजणीताई म्हणत असू, एका रुग्णाच्या तोंडात पट्टी धरून थांबल्या आणि म्हणाल्या, “बाई, ह्यांचा मागच्या खेपेला इथे दात होता.”

मी म्हणाले, “तुम्ही आकडा सांगा. अर्थ लावायला मी आहे.”

चार माणसांसमोर म्हणाले. त्यांनी आकडा सांगितला, आणि पुढे कधी काही विचारले नाही.

निबंध छापून आला, वर्तमानपत्रवाले आले, दुसऱ्या दवाखान्यांतून डॉक्टर भोवरा बघायला येऊ लागले. एका भाषणाच्या तयारीसाठी मी भोवरा वापरलेल्या वीस जणांच्या दातांचे पहिले आणि शेवटचे प्लास्टरचे साचे टेबलावर ओळीने मांडले. सहा जोड्यांत शेवटच्या साच्याला पुढचे दात नव्हते. मोजून पाहिले, पुन्हा मोजले. मग मी सगळे साचे पेटीत भरले आणि पेटीवर ‘जुने’ असे लिहिले. भाषण केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटे नाही, पण खवखव सहन करत माणूस वीस वर्षे सुखाने जेवू शकतो, हेही मी अनुभवाने सांगते.

पाच. ती साच्यांची पेटी, मोजणीच्या मूळ वह्या आणि स्टीलची मोजपट्टी मोजणीताईंना द्यावी. त्या निवृत्त झाल्या आहेत आणि त्यांना या वस्तूंचा काही उपयोग नाही. तरीही द्याव्यात. सोबत माझ्या लेकीने एवढेच सांगावे की अर्थ त्यांनी बरोबर लावला होता.

सहा. घराची रस्त्याकडची पुढची खोली, जिथे माझा खासगी दवाखाना होता, ती आरसा, बेसिन आणि खुर्चीसह ‘रेडिओ’ यांना द्यावी.

हे गृहस्थ केस कापण्याचा व्यवसाय करतात. त्यांचे सलून दोन गल्ल्या पलीकडे होते. दिवसभर त्यांची बडबड चाले, लोक केस वाढायची वाट न बघता जात, म्हणून हे नाव. साच्यांची पेटी मी बंद केल्यावर आठ महिन्यांनी ते माझ्याकडे आले. किरणोपचार झालेले, तोंड एक बोट उघडत होते. मला सगळे माहीत होते. तरी मी त्यांना भोवरा दिला, कारण तो न द्यायचा तर का नाही, हे दारात उभ्या असलेल्या पाहुण्या डॉक्टरांना सांगावे लागले असते. याहून मोठे कारण नव्हते. मी पुष्कळ शोधले.

तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, “बाई, आणखी एक फेरा द्या. मुका कारागीर गिऱ्हाइकाला चालत नाही.” मी अर्धा फेरा दिला. कट असा आवाज झाला. लाकूड तडकले असे मला वाटले, पण लाकूड चांगले होते. त्यांचा खालचा जबडा मोडला होता.

किरणांनी सुकलेले हाड नीट भरून येत नाही. दोन शस्त्रक्रिया झाल्या, हाडाचा एक तुकडा काढावा लागला. तेव्हापासून ते पातळ अन्नावर आहेत आणि ओठांतल्या ओठांत बोलतात. सलून भाड्याचे होते, ते सुटले. मी त्यांना सांगितले, “हाड आधीच ठिसूळ झालं होतं, कधीतरी मोडणारच होतं.” हे अर्धे खरे होते. अर्धे खरे बोलण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. माझे गुडघे गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, ते दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी घरी येऊन माझे केस कापतात आणि काही घेत नाहीत. “तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत,” असे म्हणतात. त्या वेळी माझ्या मानेजवळ कात्री असते, आणि खरे सांगायचे तर मला कधी कधी वाटते की ती चुकून लागावी.

सात. कपाटाच्या वरच्या खणात चार पाकिटे आहेत. एकात त्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र आहे, सहा जणांच्या मापांसह, निबंध मागे घ्यावा असे. उरलेली तीन, माझ्या माहितीप्रमाणे अजूनही भोवरा वापरणाऱ्या तीन दवाखान्यांना. माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत ही पाकिटे माझ्या लेकीने टपालात टाकावीत.

आठ. माझा देह दंतमहाविद्यालयाला द्यावा. माझे बत्तीसपैकी एकोणतीस दात शाबूत आहेत. विद्यार्थ्यांनी ते मोजावेत, आणि कोणता दात आधी होता आणि कोणता नंतर गेला, हे विचारायची सवय लावून घ्यावी.

सही करण्यापूर्वी आज घडलेले, म्हणून पुढे जोडलेले:

आज मंगळवार. सहीसाठी वकीलबाई दहा वाजता आल्या. शेजारचे औषधांचे दुकानदार साक्षीदार म्हणून आले. दुसरे साक्षीदार, वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल, पाठ धरल्यामुळे येऊ शकले नाहीत. रेडिओ माझे केस कापत होते. वकीलबाई सहज म्हणाल्या, “हे आहेत ना इथे. हेच करतील सही.”

मी म्हणाले, “त्यांना चालणार नाही.”

“का?”

“त्यांना यात काही दिलेलं आहे. ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये, हे तुम्हीच सांगितलंत.”

कात्री थांबली. रेडिओ म्हणाले, “मला कशाला दिलंय?”

मला काहीतरी सांगता आले असते. तोंडावर येऊनही गेले. पण मी कागद त्यांच्या हातात दिले. ते खिडकीशी उभे राहून वाचत होते, आणि मी अर्धे केस कापलेल्या अवस्थेत, गळ्याभोवती टॉवेल, बसून होते. दुकानदार घड्याळ बघत होते. रेडिओंनी सहावे कलम दोनदा वाचले. मग सातवे वाचले.

“ही पाकिटं तुम्ही गेल्यावर टाकायची?”

“हो.”

“आणि तोवर?”

मी टॉवेलवरचे केस झटकले.

“तोवर तिकडं तो भोवरा फिरतच राहणार,” ते म्हणाले. रागाने नाही. एखादा हिशेब तपासावा तसे. “तुम्ही आणखी दहा वर्षं जगाल, बाई. तब्येत चांगली आहे तुमची.”

मी म्हणाले की मला लाज वाटते. जिवंतपणी लोकांसमोर उभे राहायची हिंमत नाही.

“मला आरशासमोर रोज उभं राहावं लागतं,” ते म्हणाले. “खोली राहू द्या. पाकिटं आज टाका. मग मी सही करतो.”

वकीलबाईंनी त्यांना समजावले, की साक्षीदार म्हणून सही केली तर पुढच्या खोलीवर त्यांना पाणी सोडावे लागेल, थोडे थांबा, दुसऱ्या कोणाला बोलावू. त्यांनी मान हलवली. “कळलंय मला. तोंड बिघडलंय, डोकं नाही.”

मी तिन्ही दवाखान्यांना आधी फोन केले. पहिल्या ठिकाणी भोवरा गेल्या वर्षीच बंद झाला होता. दुसऱ्या ठिकाणी निरोप ठेवला. तिसऱ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टरीण फोनवर आली. मी सगळे सांगितल्यावर तिने सहा जणांची मापे पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाली, “आमच्याकडे चार जणांचे दात हलताहेत. मला वाटलं, माझाच हात चुकतोय.”

या वाक्यानंतर मी कपाटातली पाकिटे घेतली. रेडिओंनी हात दिला. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत मी त्यांच्या हाताला धरून गेले, डोक्यावरचे अर्धे केस लांब, अर्धे आखूड. पाकिटे मी टाकली. परत आल्यावर त्यांनी उरलेले केस कापायला घेतले.

मी विचारले, “तुम्ही मला माफ करणार का?”

ते म्हणाले, “मान सरळ ठेवा.”

केस झाले. त्यांनी टॉवेल झटकला आणि नेहमीप्रमाणे ‘पुढच्या महिन्यात येतो’ म्हणाले नाहीत. मीही विचारले नाही.

सबब कलम सात रद्द. पाकिटे माझ्या हयातीत रवाना झाली आहेत. कलम सहामधील देणगी रद्द, मजकूर तसाच ठेवावा. ती खोली वरच्या मजल्याबरोबर लेकीकडे जाईल. या कागदांची एक प्रत आज तिला पाठवत आहे. तिने ती मी जिवंत असताना वाचावी आणि काय बोलायचे ते मला बोलावे.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: चौदा, मंगळवार, दुपारी पाऊण

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिले: (सही) शेजारचे औषधांचे दुकानदार. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरे: (सही) रेडिओ. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी सगळं वाचलं आहे. जबडा मोडला तेव्हा आवाज झाला होता, तो मीही ऐकला होता. लाकडाचा नाही, आणि हाड आपोआप मोडलेलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. बाई कधी सांगतात, त्याची वाट बघत होतो.