जित्या माणसाची चप्पल

भालकी,
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप शिवराज अण्णा,

विजयश्रीचा नमस्कार. वहिनींनाही नमस्कार सांगा, पोरांना आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहिणार होते. तेवढं एक वाक्य सोडून देते.

कारखाना सुरू आहे. उसाचे ट्रॅक्टर दिवसभर गाणी लावून दारावरून जातात. तूर बरी आली.

आपल्या धाकट्या तानाजीविषयी लिहायचं आहे. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. इथंच फाडू नका.

त्याचं काम तुम्हाला कधी पटलं नाही. माणूस गेला की त्याचं अंथरूण, चप्पल, डबा आपण ओढ्याकाठी टाकतो आणि मागं न बघता येतो. हा ते उचलून आणतो, हुमनाबादला लॉऱ्या रंगवताना शिकलेल्या भडक रंगांत रंगवतो आणि फळीवर ठोकतो. खाली लॉरीच्या पाठीवर असतात तशा अक्षरांत त्या माणसाचं नाव. हैदराबादचे लोक ह्याला पॉप आर्ट म्हणतात. आईची फळी तुम्ही कलबुर्गीच्या प्रदर्शनात पाहिली: प्लास्टिक गुंडाळलेला टीव्हीचा रिमोट, बामची डबी, गुलाबी केलेल्या चपला. तुम्हाला ती विटंबना वाटली. मला ती फोटोपेक्षा जास्त आई वाटली. दोन्ही खरं असेल.

पण त्याचा एक नियम होता. शेजारची निलम्मा मावशी त्याला चिडवायची, "तानू, माझा मिक्सर कवा टांगायलास?"

"आधी तू तर जा, मावशी. जित्या माणसाच्या वस्तूला म्या हात लावत न्हाई."

दिवाळीनंतर त्याच्या शेडमध्ये नवी फळी दिसली. स्टीलचं ताट, निळा टूथब्रश, काडीला दोरा बांधलेला चष्मा. मी ओळखलं होतं. तरी विचारलं, "हे कुणाचं रे?"

"वळख की, अक्का. तू तर शिकल्याली."

मी मनाशी म्हटलं, चित्रकार आरशात बघून स्वतःचं चित्र काढतातच की. हे मला पटतही होतं. मग तो माझ्याकडं जेवायला आला आणि ताट नको म्हणाला. हातावर भाकरी घेऊन खाल्ली. थंडीत अनवाणी आला होता, टाचा फुटलेल्या.

"चप्पल कुठाय?"

"टांगली की."

"मग दुसरी घे ना. कामून असा हिंडायलास?"

तो हसला. "गेलेल्या माणसाला कुणी नवी चप्पल घेतं का, अक्का?"

त्या दिवशी वहीत मी लिहिलं की तो गंमत करतो. दुसऱ्या दिवशी ते खोडलं. मी उगाच भितेय का, हे स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. बीदरच्या डॉक्टरांकडं नेऊन आणलं. गोळ्या माझ्यासमोर घेतो. शेडची आतली कडी मी काढून टाकली. त्यानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

आज सकाळी चहा घेऊन गेले तर फळीखाली त्याचं नाव लिहून झालं होतं. पिवळं, काळ्या सावलीचं. रंग ओला होता. ब्रश पुसता पुसता तो सहज बोलल्यासारखं बोलला, "अण्णा शब्दाला पक्का हाय, न्हाई?"

मी व्हय म्हणाले. काय म्हणायला हवं होतं?

अण्णा, हे लिहायचं मी पहिल्या ओळीपासून टाळते आहे. कलबुर्गीला चारचौघांत तुम्ही त्याला म्हणाला होता, "आता तुझ्या तेराव्यालाच येईन." रागात माणूस बोलतो, तुम्ही कदाचित विसरलाही असाल. तो विसरलेला नाही. त्याला तुम्ही यायला हवे आहात, आणि तुम्हाला आणायची दुसरी वाट त्याला ठाऊक नाही.

लातूरहून थेट बस आहे. त्याला काही समजावू नका, मोठं बोलू नका. फक्त एक चपलेचा जोड घेऊन या. त्याचा पाय तुमच्याएवढाच आहे.

शब्द मोडलात म्हणून कुणी हसणार नाही. तेराव्याच्या आधी या.

तुम्हा दोघा भावांची,
विजयश्री