पुढचा सण चुकवू नये म्हणून

मी, हयवदन रामाचार्य गलगली, वय चौसष्ट, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार गवीपूर, बेंगळूर, स्वखुशीने लिहून ठेवतो की आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गेली बारा वर्षे ती तशी नव्हती, यावर आमच्या सगळ्या नातेवाइकांचे एकमत आहे.

१. माझी पत्नी पद्मावती सन १९५१ मध्ये वारली. ज्या घरात माणूस गेले तिथे वर्षभर सण करत नाहीत. शेजारीपाजारी गोडाचे आणून देतात. आमच्या घरी ते वर्ष अजून संपलेले नाही. वर्षश्राद्धानंतर 'आता दाराला तोरण बांधा' असे सांगणाऱ्या भटजींना मी उलट शास्त्र शिकवले.

२. राहते घर एकुलती एक मुलगी वसुमती हिला. तिच्या सगळ्या दिवाळ्या शेजारच्या गंगव्वाच्या अंगणात झाल्या. लग्न लावून दिले, पण जावई सुधींद्र यांना पहिल्या दिवाळीला बोलावले नाही. होसकोटेला तिच्या घरी मी पाऊल टाकले नाही, कारण तिथे सण होतात.

३. पद्मावतीच्या रेशमी साड्याही वसुमतीलाच. लग्नात तिने एक मागितली होती. 'आईच्या वस्तूंना हात लावायचा नाही,' म्हणून मी पेटीला कुलूप घातले. परवा उघडली, तर निम्म्या साड्या कसरीने खाल्लेल्या. कसरीने माझी परवानगी विचारली नव्हती.

४. सायकल मेहुणे गुंडो यांना. दुसऱ्या वर्षी ते एवढेच म्हणाले, "भावोजी, आता स्वल्प हसा की." मी बोलणेच टाकले. बहीण त्यांची गेली होती, पण रडण्याचा मक्ता मी घेऊन बसलो होतो. सायकलीची घंटा वाजत नाही. त्यांनी बोंब मारावी.

५. अट: माझ्यामागे वसुमतीने वर्ष पाळू नये. तेराव्यानंतरचा पहिलाच सण पुरणपोळी करून साजरा करावा. न केल्यास घर मठाला जाईल.

हे कलम मी मोठ्या ऐटीत तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही गेल्यावर पोळी कुणाला वाढू? घर मठाला द्या, सरी, माझी हरकत नाही. परवा युगादीच्या सणाला तुम्ही माझ्याकडे जेवायला या."

मी म्हणालो, "बघू."

"लहानपणापासून हेच ऐकत आलेय," म्हणाली, आणि चहा न घेता बस गाठायला निघाली. तिच्या पाठीकडे बघताना मला भीती वाटली. पद्मावती गेली ते माझ्या हातात नव्हते. ही मात्र माझ्यामुळे चालली होती.

सबब कलम पाच रद्द. कागदावरचा डाग तुपाचा आहे, खाडाखोड समजू नये.

साक्षीदार:
गुंडो श्रीनिवास हुद्दार, मेहुणे
आप्पाजी, सुधींद्रांचे शेजारी

सही: हयवदन रामाचार्य गलगली
दिनांक: युगादी, सन १९६३
ठिकाण: वसुमतीचे घर, होसकोटे