भुईवर न पडाची शपथ

प्रिय मोठे माय,

तू गेली तवापासून मी तुले एक अक्षर लिहिलं नाही. लिहाचा मले किती कंटाळा, तुले मालूमच हाये. दहावीच्या पेपरात निबंधाच्या जागी मी गाय काढून आल्तो, अन् तू म्हनली होती, गाय तरी नीट काढाची होती रे, ही तं बकरी दिसते. पन आज लिहून राह्यलो. वांग्याच्या वाफ्यात पानी सोडलं हाये, लाइन जाईपर्यंत येळ हाये, अन् डोस्कं असं तापलं की कोनाले तरी बोलल्याबिगर राहवत नाही. जित्या मानसाले बोललो तं भांडन होईन. म्हनून तुले.

काल दुपारी मोठेबाबा माह्यापाशी वावरात आले. एक हात कमरेवर, तोंड कडू. तू गेल्यापासून निंदन त्याइच्याच अंगावर पडलं ना. वाकले तं उठता येत नाही, उठले तं वाकता येत नाही. आधी इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, जसं कोनाचं टरबूज चोराचं हाये. अन् हळूच म्हनतात, "इच्चू, ते तुही मोठी माय करे ना, खुर्चीवर पाय ठेवून भुईवर पडे... ते कसं असते रे?"

आयकलं का? तुहा नवरा आपल्या पुतन्याले इचारते, ते कसं असते!

मले असा राग आला, की हातातलं खुरपं मी तिथंच फेकलं. म्हनलं, "बाजीवर पडा ना. तिले पाडलं होतं तुमी बाजीवर. आता तुमीही पडा." ते तसेच वळले. पाय ओढत धुऱ्याधुऱ्यानं चालले गेले.

मी चुकलो का? सांगू नोको. तू काय म्हनशीन ते मले मालूम हाये, अन् त्याचाच मले जास्त राग हाये.

तुही पाठ मी लहानपनापासून वाकडीच पाह्यली. मले वाटे, मोठ्या मायची पाठ अशीच असते, जसं उंटाले कुबड असते. सांबाराच्या हिरव्यागार जुड्याइचं डालं कवाही डाव्याच कमरेवर. बाजारात पोत्यावर बसे तं एकाच कुशीवर. निंदनं, खुडनं, जुड्या बांधनं, सारं वाकून. सकाळी घराची भीत धरून उठे, अन् उठून झालं की हसे, जसं काही इनाम भेटलं. वरून फाट्यावरच्या दुकानातली ते तांबडी गोळी. दुखलं की गोळी, अन् नाही दुखलं तं दुखू नये म्हनून गोळी.

तुले पाठदुखीच्या व्यायामवाल्या मॅडमकडे चल म्हनलं असतं तं तू आली असती का? म्हनून मी सांगतलं, कारंज्याले साड्यांचा सेल लागला. तू नवी चप्पल घालून मालाच्या गाडीत माह्या बाजूले बसली. मी गाडी उभी केली मॅडमच्या दारात. तुले पाटी वाचता येत नव्हती, तं मले इचारलं, "अथी साड्या कुठी हायेत रे?" म्हनलं, आतमधी हायेत, पन घ्याच्या आधी सरळ उभं राहून दाखवा लागते. आत गेल्यावर तुले उमगलं, अन् तुनं माह्या पाठीत असा धपका घातला, की मॅडम म्हनली, "मावशींचा खांदा तर चांगला चालतोय."

तिनं तुले भितीले टेकून उभं केलं. टाचा, कुल्ले, खांदे, डोकं, सारं भितीले लावा म्हने. तुहं डोकं काही लागेना. चांगलं इतभर दूर. तू काय म्हनली, आठवते? भितच वाकडी हाये म्हनली!

मंग तिनं फोनमधी फोटो काढून दाखवला. एक खांदा खाली, एक खुबा वर, मान कोंबडीवानी पुढं. मॅडम म्हनली, "मावशी, दुखते कंबर, पण चूक कमरेची नाही. डालं धरून धरून खुबा एकीकडे ओढला गेलाय, त्याचं सगळं ओझं बिचारी कंबर सोसते. तिला गोळ्या देऊन गप्प कशाला बसवता? आपण अंगाला सारखं उभं राहायला शिकवू. आणि त्या गोळ्या आधी डॉक्टरांना दाखवा, अशा मनानं खायच्या नसतात."

अन् व्यायाम काय दिला? भुईवर पडाचं. उशी नाही, गादी नाही. पोटऱ्या खुर्चीवर, गुडघे काटकोनात, हात बाजूले मोकळे. अन् बस, पडून राहाचं. पाठ आपल्यानं भुईले टेकते. मंग पाय खाली घेऊन घडीभर सरळ पडाचं. तुले ते पटलंच नाही. गाडीत बसल्यावर म्हनली, "याले व्यायाम म्हनतात काय? हा तं आळशी बायाइचा धंदा हाये. पैसे कायचे घेतले तिनं?"

तरी तुनं केलं. मोठेबाबा वावरात गेले की मधल्या घरात खुर्ची मांडून. ते वाफ्यात उतरताना चपला धुऱ्यावर काढून ठेवत, त्यातली एक मी लपवत जाव. एकच. दोन्ही लपवल्या तं मानूस अनवानी निघून येते. एक लपवली तं शोधत बसते. तेवढ्यात तुही पाठ टेकून होत होती.

हळूहळू तू भीत न धरता उठाले लागली. गोळी तं तू इसरूनच जात होती. अन् एक दिवस तुहं डोकं भितीले टेकलं. तुनं मले हाक मारून दाखवलं. मी म्हनलं, भीत सरळ झाली वाटते. किती हसली होती तू!

मंग तो दिवस. मी बाजारात होतो, चप्पल लपवाले कोनी नव्हतं. मोठेबाबा लवकर घरी आले. तू पाय खाली घेऊन भुईवर सरळ पडून होती. माशा बसतात म्हनून तोंडावर पदर. अन् कितीक वर्षांनी दुखलं नाही म्हनून तुले डोळा लागला होता. त्याइनं हाका मारल्या, तू उठली नाही. आपल्यात भुईवर असं सरळ कोनाले ठेवतात? मेलेल्या मानसाले. मोठेबाबांनी असा हंबरडा फोडला, की गल्ली जमा झाली. शेजारच्या शेवंताकाकीनं तं आल्या आल्या तुहे गुन सांगून रडाले सुरुवात केली.

अन् तू पदर काढून उठून बसली अन् म्हनली, "कोन मेलं वं?"

मी गाडी घेऊन पोचलो तवा सारं आंगन हसून राह्यलं होतं. मोठेबाबा उंबऱ्यावर बसून डोळे पुसून राह्यले होते. ते भेले होते, खोटं कायले बोलू. मी डोळ्यांनं पाह्यलं. पन गर्दीतला कोनी तरी बोललाच, "बायको जिती निघाली म्हनून रडतं का गा?" झालं. त्याइच्या भेवाचा राग झाला. उठले, अन् सगळ्याइच्या समोर तुह्यावर बोट रोखून म्हनले, "दिवसाढवळ्या मढ्यावानी पडते, कामचुकार! पुन्हा भुईवर पडली तं तुले माही शपथ हाये. माहं मेलेलं तोंड पाहाशीन."

आंगनातलं हसू एका झटक्यात बंद झालं. अन् तुहा व्यायामही.

तुह्यासंगं मी किती डोकं फोडलं! जुन्या गोठ्याचं दार आनून मधल्या घरात टाकलं. म्हनलं, हे भुई नाही, हे लाकूड हाये, पड याच्यावर. तू म्हनली, शपथेत पळवाट काढू नये. म्हनलं, शपथेनं मानूस मरत असतं तं आपला सरपंच कवाचाच गेला असता. तू हसली. पन पडली नाही. "तुले काय समजते," म्हनली, "उद्या त्याइले साधं ठेच लागली तरी मले वाटन माह्यानं लागली."

म्हनलं, मंग त्याइलेच सांग शपथ सोडाले. एका शब्दाचं तं काम. आमी पोट्टे खेळात शपथा घालो, अन् ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हनलं की सुटली. तू काय म्हनली? "त्याइले आपल्यानं वाटन तवा सोडतीन. मागून कायले घ्याची?"

काहून नाही मागाची वं? बाजारात गिऱ्हाइकानं सांबाराची एक काडी फुकट मागतली तं तू त्याच्या सात पिढ्या काढे. अन् घरात एक शब्द मागाले तुही जीभ उचलली नाही?

मोठेबाबा म्हनले, कराचंच असन तं बाजीवर करा. बाज कशी, झोळीवानी. मधात खड्डा. मॅडमनं फोनवर सांगतलं होतं, त्यापेक्षा नका करू. तरी तू त्याइच्या शब्दावर बाजीवरच पडत राह्यली. कंबर पुन्हा धरली. भीत पुन्हा आली हातात. अन् तांबडी गोळी पुन्हा सुरू, आता पहिल्यापेक्षा जास्त. तू माह्यापासून लपवून खाये, मले माहीत नाही असं वाटे तुले?

मंग पाय सुजले. मंग तोंड सुजलं. अकोल्याले नेलं तवा डॉक्टरनं इचारलं, कोनत्या गोळ्या घेत होत्या, किती वर्ष? मोठेबाबांनी खिशातून पट्टी काढून देली. डॉक्टरनं ते उलटी करून पाह्यली, सुलटी करून पाह्यली, अन् किडन्या गेल्या एवढंच म्हनलं.

शेवटच्या दिवशी तुहा जीव घुटमळाले लागला. बाया म्हनल्या, खाली घ्या. माह्या मायनं भुई सारवली. अन् तुह्या खांद्याखाली हात घालून तुले भुईवर कोनी ठेवलं? त्याइनंच! ज्यानं भुईवर पडू नोको म्हनलं, त्याच हातांनं. मी तिथीच ओरडनार होतो, की आता चालते का? मायनं माहा हात धरून ठेवला.

तुही पाठ टेकली नाही वं मोठे माय. भुई अन् पाठ यात पोकळी राह्यली. मी हात घालून पाह्यला, आरपार गेला.

तेरवीले सारे जेवून म्हनून राह्यले, किती सोशिक बाई, कवा हूं नाही का चूं नाही. मले ताट फेकावं वाटलं. तुले कुठी सोसाचं होतं? तुले तं भितीले डोकं टेकवाचं होतं.

आज सकाळी मी मोठेबाबांसमोर जाऊन उभा राह्यलो. म्हनलं, शिकवतो, पन आधी तिची शपथ सोडा. 'सुटली' म्हना.

ते म्हनले, "आता सोडून काय होते? ती कुठी आयकाले हाये?"

म्हनलं, "आमी हाओ ना आयकाले."

त्याइनं तोंड फिरवलं. पान्याची बादली उचलाले वाकले अन् तिथीच अडकले, ना वर ना खाली. मी धराले गेलो तं त्याइच्या खिशातून पट्टी पडली. तीच. तांबडी. मी उचलून घेतली. मले वाटलं आता एक कानाखाली बसते. त्याइनं हात उगारला नाही, नुसतं पाह्यत राह्यले. तेच मले सहन झालं नाही. उगारला असता तं बरं झालं असतं, मले रागावाले सोपं गेलं असतं.

अन् तुहा आवाज कानात. इच्चू, मानसाले दुखून राह्यलं ना? मंग इचारतं कायले? तुनंच मले हे नाव ठेवलं, नांगी मारते म्हनून, अन् आता मारू देत नाही. मरूनही भल्याच्याच बाजूनं बोलाचं! एकदा तरी माह्यासंगं त्याइले शिव्या दे ना वं.

तं आयक. उद्या बाजार नाही. त्याइले पहिले कारंज्याले मॅडमपाशी नेतो, भितीले उभं करतो, पाहू त्याइचीही भीत वाकडी निघते का. तिनं हो म्हनलं की वसरीत खुर्ची मांडतो. दार सताड उघडं, गल्लीले दिसन असं. अंगाखाली चटई नाही, भुई. ज्याले मढं म्हनाचं त्यानं म्हनावं. मी बाजूले बसून हाये.

माफ करीन असं मी म्हनत नाही, तेवढं तू मागू नोको. पन शिकवीन, हा माहा शब्द. त्याइची पाठ टेकेपर्यंत शिकवीन. अन् रोज, पोटऱ्या खुर्चीवर चढल्या की, डोक्यापाशी बसून इचारीन, "मोठेबाबा, सुटली म्हनता का?" आज नाही म्हनलं तं उद्या इचारीन, उद्या नाही तं परवा. पाय वर असलेल्या मानसाले उठून पळता येत नाही.

तुहा,
इच्चू