बारा महिने एकच चव

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. एवढ्या वेळात तू मनातल्या मनात मला चांगलंच फैलावर घेतलं असशील. तू विचारलंस ते तसं साधंच आहे. तुझी मनगटं दुखतात, हातयंत्राचा दांडा आता ओढवत नाही, तेव्हा आईच्या रसाच्या दुकानात आमच्या कारखान्याची तयार रसाची खोकी ठेवावीत आणि दादाने शब्द टाकून ती सुरू करून द्यावीत. हो किंवा नाही, एवढंच कळवायचं होतं. शिफारशीचा कागद मी भरूनही ठेवलाय, फक्त सही राहिली आहे.

आधी खोक्यात काय असतं ते सांगतो, सत्तावीस वर्षं त्यातच गेली. संत्रं खरंच असतं, त्यात लबाडी नाही. हंगामात ट्रकच्या ट्रक येतात आणि दिवसभरात पिळून होतात. मग रस तापवतात, त्यातली हवा काढून घेतात आणि आपल्या दुकानाच्या तिप्पट उंच अशा स्टीलच्या टाक्यांत भरून ठेवतात. तिथे तो वर्षभरसुद्धा राहतो. हवेबरोबर वासही निघून जातो, म्हणून सालीतून काढलेला अर्क नंतर थेंबाथेंबाने परत घालावा लागतो. तो किती घालायचा हे ठरवायला तुझा भाऊ. जुना गोड रस, नवा आंबट रस, वर अर्क, असं जुळवत बसायचं. जानेवारीतल्या आणि ऑगस्टमधल्या ग्लासात कुणाला फरक सापडला तर ती माझी चूक. काय काम करता असं कुणी विचारलं, की मी हे छाती फुगवून सांगायचो.

आपल्याकडे दोन ग्लास कधी सारखे निघाले नाहीत. शाळेतून आलो की तू ग्लास विसळायचीस, मी रसातल्या बिया काढायचो. आणि तू हळूच एखादी बी परत टाकायचीस, बोलणी मला बसावीत म्हणून. पन्नाशी उलटली तरी बाईसाहेबांनी अजून कबूल केलेलं नाही. आई संत्रं कापायच्या आधी सालीला नख लावायची आणि तो बारीक फवारा नेमका माझ्या डोळ्यांत जायचा. दिवसभर हातांना, केसांना, वह्यांना तोच वास. वर्गातली पोरं मला संत्र्या म्हणायची, तेव्हा राग यायचा. आता कुणी तसं म्हणालं तर बरं वाटेल.

नवी टोपली उघडली की पहिला घोट आई स्वतः घ्यायची. आंबट निघाला तर गिऱ्हाइकाने मागायच्या आधीच सांगायची, "आज जरा आंबट आहे हं, चालेल का?" मला चौदाव्या वर्षी त्याची भयंकर लाज वाटायची. आपल्याच मालाची अशी कुणी जाहिरात करतं का? एकदा ती मागे संत्री धूत असताना मी चमचाभर साखर ढवळून समोरच्या शिंप्याला ग्लास दिला. त्याने अर्धा पिऊन खाली ठेवला आणि विचारलं, "आई कुठे गेली रे आज?" आईने बाहेर येऊन त्याला दुसरा ग्लास दिला. मला रागावली नाही, फक्त म्हणाली, आंबट असेल तर आंबट म्हणावं, प्यायचं की नाही ते पिणारा ठरवेल. पुढे मला कारखान्यात नोकरी लागली तेव्हा तू म्हणालीस, दादा आता पगारी साखर ढवळणार. मी महिनाभर तुझ्याशी अबोला धरला होता, कारण ते खरं होतं.

आता ज्यासाठी तीन आठवडे घालवले ते लिहितो. आठ महिन्यांपूर्वी मला ताप आला होता, तो गेला तो माझं नाक घेऊन. चहाचा, साबणाचा, उतू गेलेल्या दुधाचा, कसलाच वास येत नाही. डॉक्टर म्हणतात, परत येईलही, किंवा नाहीही. मी कुणालाच सांगितलं नाही, तुलाही नाही. जुन्या वहीतली मापं बघून अर्क घालत राहिलो, घोट घेऊन मान डोलावत राहिलो. आठ महिन्यांत एकही तक्रार आली नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग फार वाईट वाटलं, ठमे. गेल्या रविवारी सहा संत्री आणली आणि ओट्यापाशी उभं राहून एकेक खाल्लं. वास नाही तो नाहीच, पण जीभ शाबूत आहे. दुसरं गोड होतं, पाचवं इतकं आंबट की दात आंबले आणि मी एकटाच हसत सुटलो. सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं आणि राजीनामा दिला. तुला खोकीच हवी असतील तर साहेब सही करतील, मी आड येणार नाही. पण माझी मनगटं अजून धड आहेत. दांडा मी ओढेन, तू गिऱ्हाईक बघ. मला दुकानात ठेवून घेशील का? नको असेन तर तसं सरळ लिही, दादा आहे म्हणून उगाच हो म्हणू नकोस.

उत्तराची वाट बघणारा,
तुझाच,
दादा