ड्रॅगनची धोबीण

चिमणे, जरा जवळ बस, एक गोष्ट सांगतो, रोजच्यासारखीच, पण आज या चिठ्ठीतून. आजची मात्र खरी आहे.

आजचं शाळेतलं भाषण आधी बदल. "सिनेमावाल्यांनी कादंबरीतली धोबीण कापली, हा विश्वासघात आहे!" असं तू गरजशील, आणि बाई पुस्तक उघडून विचारतील, "कुठल्या पानावर आहे गं?" ती कुठल्याच पानावर नाही. ड्रॅगनच्या पंखांना इस्त्री करणारी ती बाई मी वाचून दाखवताना घुसडली. कीर्तनात बुवा पदरचे चार प्रसंग घालतात, देव रागावत नाही. मला वाटलं, लेखकही चालवून घेईल. सिनेमावाले बिचारे इमानी निघाले, बेइमान तुझा आजोबा!

ऐन लढाईत ती राजाला "आधी सदरा बदला" म्हणते, तिथे तू इतकी हसायचीस की कबूल करायला जीभ रेटली नाही. तुझी आजी मला अस्संच दटावायची. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिनं जन्म काढला, आणि तू यायच्या आधीच गेली.

तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून सकाळच्या कीर्तनाला पळतोय. दूध तापवलंय. भाषणात काहीही म्हण. पण आजीला पाहिलं नसलंस, तरी तिची आठवण ठेव.