‘येतो’ म्हणायचं बटण

मी, खाली सही करणारी, ‘बारा वेशी’ या गेममधल्या माणसांच्या तोंडचं बोलणं लिहिणारी बाई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या टेबलाशी बसून लिहीत आहे. कोणी धाक घातला नाही, कोणी गोडीगुलाबी केली नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी तो सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हेही सांगितलं. त्यांनी मुकाट्याने शिक्का मारला.

येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणाले, “बहुतेक सगळं नीट होईल.” शब्दांवर पोट भरलेल्या बाईला ‘बहुतेक’ म्हणजे काय ते कळतं, म्हणून हा कागद.

इथे वकीलसाहेबांनी ‘माझी स्वकष्टार्जित मिळकत पुढीलप्रमाणे’ असं लिहायला सांगितलं. मी लिहिलं आणि खोडलं. खोडल्या जागी माझी सही आहे.

“कष्ट तुमचेच ना?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“कष्ट पहिल्या गेमचे. पैसा दुसऱ्याचा.”

“कायद्याला तेवढं पुरतं.”

मला पुरत नाही. म्हणून या कागदात नुसतं ‘मिळकत’ असं वाचावं. का, ते कलम दोनमध्ये येईल.

वकीलसाहेबांना गेम म्हणजे पत्ते एवढंच ठाऊक आहे, तेव्हा पुढे हा कागद ज्यांच्या हाती पडेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘बारा वेशी’ हा संगणकावर खेळायचा गेम. खेळणारा फिरस्ता होतो, बारा गावं हिंडतो, लोकांशी बोलतो, त्यांची अडलेली कामं करतो आणि आपण चांगले की वाईट ते स्वतःच ठरवतो. तो मी आणि माझ्या धाकट्या भावाने केला, शिंपीमामांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. चित्रं आणि संगणकाची भाषा त्याची, माणसांची भाषा माझी. खालच्या शिलाई मशीनचा आवाज आम्हाला बंद करता येईना, म्हणून आम्ही तिसऱ्या वेशीवर पिठाची गिरणी काढली आणि तो आवाज तिला देऊन टाकला.

आमच्या आईचा एक नियम होता. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. तसं ते सगळ्यांचीच आई सांगते, पण आमची आई जिन्यावरून परत बोलवायची. धाकटा एकदा शाळेची घंटा झाली तरी दारात उभा होता, कारण घाईत ‘जातो’ म्हणाला होता आणि आईचं समाधान होईल असं ‘येतो’ त्याच्या तोंडून निघत नव्हतं.

त्यातूनच ते बटण आलं. आमच्या गेममध्ये कोणाशीही बोलणं संपलं की ‘बंद करा’ असं बटण नव्हतं. एकच शब्द होता, ‘येतो’. तो दाबला की समोरचा माणूस खरोखर वाट पाहायला लागायचा. सहाव्या वेशीवर चपला शिवणारा होता. तो फिरस्त्याची एक चप्पल दुरुस्तीला ठेवून घ्यायचा. लवकर परत गेलात तर म्हणायचा, “एवढी घाई होती तर शिकून घ्या.” गेम संपत आल्यावर गेलात तर चप्पल पुसून काढून द्यायचा आणि म्हणायचा, “रोज पुसत होतो. रिकामी दिसली की बरं वाटत नव्हतं.” आणि गेलाच नाहीत, तर शेवटी नावांची पाटी वर सरकताना तो चप्पल मांडीवर घेऊन बसलेला दिसायचा. मोठमोठे बाप्ये त्यापायी गेम पुन्हा पहिल्यापासून खेळले.

आता कलमं.

कलम १. किरकोळ वस्तू.

ज्या टेबलावर हे लिहिते आहे ते शिंपीमामांचं कापड कापायचं टेबल आहे. त्यांनी ते आम्हाला ‘दोन-चार दिवस’ दिलं होतं. ते परत करावं, म्हणजे “वाढदिवसाच्या शुभेच्छा, टेबल कधी देतेस?” हा त्यांचा दरवर्षीचा फोन तरी बंद होईल.

‘सर्वाधिक आगाऊ मागणी’ अशी पितळी ढाल दुसऱ्या गेमला मिळाली, ती शेठना द्यावी. ते आमचे भांडवलदार. ढालीवर माझं नाव आहे, ते घासून काढायची मुभा आहे.

माझी पाठीला टेकण असलेली चांगली खुर्ची त्या टीकाकाराला द्यावी, ज्याने दुसऱ्या गेमबद्दल वर्तमानपत्रात एकच ओळ लिहिली: ‘या बारा गावांत माझी कोणी वाट पाहिली नाही.’ त्या माणसाला मी पुष्कळ शिव्या घातल्या, त्या परत घेते. त्याची पाठ दुखते असं ऐकलं आहे.

कलम २. राहतं घर.

हे घर दुसऱ्या गेमच्या पैशातून झालं. त्याचं नाव ‘बारा वेशी: दुसरा फेरा’. लोकांनी त्याचं ‘फुकट फेरा’ केलं, आणि खोटं नाही केलं. शेळ्या हवेत चरायच्या. गाव जळून खाक झालं तरी चपला शिवणारा हसतमुखाने “नमस्कार फिरस्त्या, चप्पल हवी का?” असं विचारायचा. पण पहिल्यावर लोकांचा एवढा जीव होता की दुसरा त्यांनी न बघताच विकत घेतला. म्हणजे आम्ही गेम विकलाच नाही. त्यांचा भरवसा होता, तोच त्यांना विकला. या घराच्या भिंतींना मी दोनदा रंग दिला, तरी मला त्यामागे तेच दिसतं.

ते कसं झालं हे सगळ्यांना माहीत आहे, पण सगळे शेठवर ढकलतात आणि मला आजवर ते सोयीचं पडलं. शेठनी तारीख दिली होती, हे खरं. धाकटा म्हणत होता, अजून वेळ हवा, यावेळी माणसं नुसती वाट पाहणार नाहीत, एकमेकांना विचारतील, ‘तो आला का रे?’ शेठनी विचारलं, “या वाट बघण्याला खर्च किती येतो?” विचारायचा तो प्रश्न त्यांनी विचारला, तो त्यांचा धंदा आहे. उत्तर मी दिलं. मी म्हणाले, “काढून टाकू. कोणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही.”

‘येतो’ गेलं आणि तिथे ‘बंद करा’ आलं.

धाकट्याने वही-पेन पिशवीत टाकलं, दाराशी गेला आणि म्हणाला, “जातो, ताई.”

त्याच्या तोंडून तो शब्द चुकून येणं शक्य नव्हतं. मी थोरली. आई तेव्हा नव्हती. “जातो नाही, येतो म्हण,” एवढं म्हणायचं काम माझं होतं. म्हटलं असतं तर तो दारात थांबला असता, चिडला असता, भांडला असता, पण थांबला असता. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, “बरं.” वाईट गेम माझ्या हातून झाला याची लाज आहेच. पण मला जे खातं ते हे ‘बरं’.

तेव्हापासून तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. नफ्यातला वाटा त्याने घेतला नाही. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, लहानपणापासून माझ्याकडे येते. तिला त्याने कधी अडवलं नाही आणि तिच्याबरोबर कधी आला नाही.

म्हणून या कलमात मी असं लिहिलं होतं: ‘राहतं घर माझ्या पश्चात माझ्या धाकट्या भावाला मिळावं.’ भाचीकरवी त्याला तसं कळवलं. ती निरोप घेऊन आली. जिना चढून आली होती, धाप लागली होती.

“बाबा म्हणाले, घर नको. पण कागदाला साक्षीदार लागतो म्हणतात, तो होईन.”

मी वकीलसाहेबांना सांगितलं, नाव घाला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बाई, साक्षीदाराला त्याच कागदातून काही मिळत नाही. सही केली की त्यांच्या नावचं कलम बाद. त्यांना हे माहीत नसेल.”

“माहीत आहे त्यांना,” भाची म्हणाली. “दुकानात एका वकिलाचा चष्मा आला होता, त्यांना विचारून घेतलं.”

म्हणजे असं, की घर त्याच्या नावावर करायचं असेल तर तो येणार नाही. तो यायचा असेल तर घर त्याच्या नावावर करायचं नाही. मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर शोभेल, पण खरं नाही. चहा निवायच्या आत मी ती ओळ खोडली. साक्षीदाराला समोर बसावं लागतं, मी सही करताना माझ्या हाताकडे बघावं लागतं. मला कोणी घर देऊ केलं असतं तरी मी हेच घेतलं असतं.

सबब राहतं घर भाचीला. गच्चीची गळती तिच्या नावावर आपोआप होईल.

कलम ३. ‘दुसरा फेरा’चे हक्क.

शेठचा धंदा बुडाल्यावर हे हक्क माझ्याकडे आले. इथे मी आधी लिहिलं होतं: ‘हा गेम बाजारातून काढून कायमचा पुसून टाकावा.’ भाचीने ते वाचलं आणि तिचं तोंड उतरलं.

“आत्या, मी तोच खेळत मोठी झाले. पहिला मला जुनाट वाटतो.”

“अगं, त्यात शेळ्या उडतात.”

“मला वाटायचं, त्या तशाच असतात.”

मी हसले. ती हसली नाही.

“त्या चपला शिवणाऱ्याला मी रोज सांगून यायचे. बाबांनी शिकवलेलं ना, ‘जाते’ म्हणायचं नाही. तिथे बटणच नव्हतं. मग मी तोंडाने म्हणायचे, ‘येते हं काका,’ आणि मग ‘बंद करा’ दाबायचे. दुसऱ्या दिवशी तो विचारायचा, ‘नमस्कार फिरस्त्या, चप्पल हवी का?’ मला वाटायचं, विसरभोळे आहेत बिचारे.”

कोणाच्या लक्षात येणार नाही, असं मी म्हणाले होते. एक लहान मुलगी रोज त्या रिकाम्या जागेशी बसून तो शब्द स्वतःच्या तोंडाने भरत होती, आणि तीही आमच्याच घरातली. मी उठून खिडकी लावायला गेले. खिडकी लावलेलीच होती.

सबब ते कलम रद्द. ‘दुसरा फेरा’चे सर्व हक्क, माझा जुना संगणक आणि मी लिहिलेली सगळी बोलणी भाचीला. अट एकच: पहिल्यांदा बटण बदलावं. शेळ्यांना हात लावू नये.

कलम ४. मी गेल्यावर.

धाकट्याला फोन करणाऱ्याने “ताई गेली” असं सरळ सांगावं. शब्द नटवू नयेत, ते काम माझं होतं. या कागदाप्रमाणे सगळं होतंय ना, हे वकीलसाहेबांनी बघावं आणि आपली फी घ्यावी.

हा कागद मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचला आणि त्यावर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: ‘बारा वेशी’ची लेखिका, थोरली

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई (कॅलेंडर बदललं आहे, असं सांगायला सांगतात)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, काचा घासणारा

स्थळ: वरच्या मजल्यावरची पुढची खोली

दिनांक: वकीलसाहेबांनी वर शिक्क्याखाली घातली आहे. माझ्यापुरती, धाकटा आला तो दिवस.

ता. क. सह्यांनंतर काही लिहू नये असं वकीलसाहेब सांगत होते. ते गेले आहेत.

यापुढचं अक्षर वाकडं आहे, त्याचं कारण असं. मी वाचत असताना कलम दोनपाशी धाकट्याने पाणी मागितलं आणि ते प्यायला नाही. सही करून झाल्यावर म्हणाला, “कागद केवढा लांब धरतेस. नंबर बदललाय तुझा.” मी म्हटलं, “बदलला असेल.” त्याने माझ्या नाकावरून चष्मा काढला, उजेडात धरला, शर्टाला पुसला. “काचांवर किती ओरखडे. अशी वाचतेस?” भाची म्हणाली, “बाबा, तिला परवा ॲडमिट व्हायचंय.” तो म्हणाला, “माहीत आहे,” आणि चष्मा स्वतःच्या खिशात घातला.

“मी तोवर काय करू?” मी विचारलं.

“बस. आणि आवाज चांगला आहे तुझा, हिला सांग, ही लिहून घेईल. बटण बदलायचं तर सगळ्यांना नवीन बोलणं लागेल. एवढी वर्षं वाट पाहिल्यावर माणसं काय म्हणतात, ते मला लिहिता येत नाही.”

मग तो उठला. मला नीट दिसत नव्हतं, दारात नुसता त्याचा आकार होता. तो तिथे जरा थांबला, शाळेच्या वेळी थांबायचा तसा. मी या वेळी घड्याळाकडे पाहिलं नाही, तसंही ते दिसलं नसतं.

“येतो, ताई,” तो म्हणाला.

या गोष्टीची साक्षीदार मी.